इंडिकेटर नव्हे, पुढचे चाक पाहावे
(फोंडा येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

बेभरवशाच्या चालकांमध्ये आपली गाडी सुखरूप कशी चालवावी, हा आजचा विषय आहे. अंतर, वेग आणि नजर या तिन्हींबद्दल मी बोलणार आहे. पण माझा मूळ आग्रह असा की वाहनाचा दिवा चालकाचा इरादा सांगतो, चाक मात्र प्रत्यक्ष कृती सांगते, म्हणून भरवसा चाकावर ठेवावा.

गोव्यातल्या मोलेमहून कर्नाटकाच्या वाटेवरच्या अनमोड घाटाकडे निघालात की पुढे मालाने लादलेला ट्रक हमखास भेटतो आणि थोड्या वेळाने त्याचा उजवा इंडिकेटर लुकलुकू लागतो. पुढचा रस्ता मोकळा आहे, ओव्हरटेक करा, हे कळवण्यासाठी कित्येक ट्रकचालक तो लावतात. नियमाने मात्र तो उजवीकडे वळण्याचा इशारा असतो. ‘या’ आणि ‘येऊ नका’ या दोन्हींसाठी एकच दिवा! घाटाच्या अलीकडे मी पाहिले आहे की मागच्या कारचालकाने हा दिवा होकार समजून गाडी बाहेर काढली आणि ट्रक त्याच क्षणी उजवीकडच्या हॉटेलच्या आवारात वळू लागला. कार ट्रकच्या मागच्या चाकापाशी जेमतेम थांबली. दोघेही उतरून तावातावाने भांडले आणि दोघांनाही आपलेच बरोबर वाटत होते. माझी तक्रार या दोघांपेक्षा त्या रूढीविरुद्ध अधिक आहे, कारण ती कोणत्याही परवान्याच्या परीक्षेत शिकवली जात नाही.

अशीच दुसरी रूढी पावसाळ्यातली. सरी वाढल्या की अनेक जण चारही इंडिकेटर एकदम, ज्यांना आपण सर्रास पार्किंग लाइट म्हणतो, चालत्या गाडीवर लावतात. ते बंद पडलेल्या वाहनासाठी असतात. चालत्या गाडीवर ते लावले की वळण्याचा इशारा कळत नाही, आणि मध्ये दुसरे वाहन आल्यामुळे एकच बाजू दिसली तर सरळ जाणारी गाडी वळणार असे वाटते. पावसात साधे हेडलाइट पुरेसे आहेत, हे मी पुन्हा पुन्हा सांगत राहणार.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून उरलेले भराभर सांगतो. आडरस्त्यावरून येणाऱ्या गाडीचे पुढचे चाक पाहा. चालकाचे तोंड तुमच्याकडे असले तरी त्याने तुम्हाला पाहिलेच असेल असे नाही, पण चाक फिरू लागले की ती निघाली. मागून पुढचे चाक दिसत नाही, तेव्हा गाडी मधल्या रेषेकडे सरकते का, तिचा वेग अकारण कमी होतो का, यावर लक्ष ठेवा. ताशी ६० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर जाते. म्हणून पुढच्या वाहनापासून कोरड्या रस्त्यावर किमान २ आणि ओल्या रस्त्यावर ४ सेकंदांचे अंतर ठेवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. प्रवाशासाठी कुठेही थांबणाऱ्या मिनीबसमागे तर हे सेकंदांचे अंतर मुळीच कमी करू नका. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, स्वतः चालवण्यासाठी भाड्याने घेतलेली गाडी पुढे असेल, तर तिचा चालक मोबाइलवरचा नकाशा पाहत अचानक वळू शकतो, हे धरून चौकाच्या अलीकडे तिला ओव्हरटेक करू नका.