श्रावणात भिंतीवर बसणारी राक्षसीण

नमस्कार मंडळी. आजचा विषय राक्षसांचा आहे, पण सुरुवात देवघरातून करणार आहे.

(कागद समोर धरून)

हा जिवतीचा कागद. आषाढ संपत आला की राजवाड्याच्या आसपास पूजेच्या सामानाच्या दुकानांत तो दिसायला लागतो. इंदुरात आपलं एक वेगळंच गणित असतं. शेजारच्या हिंदी घरांतले सावन सोमवार पंधरा दिवस आधीच सुरू झालेले असतात, कावडी घेऊन लोक उज्जैनला निघालेले असतात, आणि आपल्या घरात अजून आषाढच चालू असतो. मग दिव्यांची अवस येते, घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले जातात, आणि त्याच सुमाराला हा कागद भिंतीवर लागतो. महिनाभर तिथंच असतो.

आता जरा जवळून बघा. चार चौकटी आहेत. पहिल्या चौकटीत नरसिंह. खांब दुभंगलाय, मांडीवर हिरण्यकशिपू आडवा पडलाय, त्याचं पोट फाडलेलं आहे आणि आतडी बाहेर आली आहेत. बाजूला एवढासा प्रल्हाद हात जोडून उभा. दुसरीत कालिया, त्याच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, आणि पाण्यातून वर आलेल्या नागाच्या बायका. तिसऱ्या चौकटीत दोन बायका, लुगडं नेसलेल्या, दागिने घातलेल्या, मांडीवर बाळ, आजूबाजूला रांगणारी मुलं. शेवटची चौकट बुध-बृहस्पतींची, त्यांच्याकडे आज जाणार नाही.

या कागदावर सगळ्यांत भयंकर कोण, असं कुठल्याही मुलाला विचारलं तर ते आतडी बाहेर आलेल्या हिरण्यकशिपूवर बोट ठेवेल, नाहीतर सापावर. मला मात्र आज तिसऱ्या चौकटीबद्दल बोलायचं आहे. बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या या दोघींतली एक जिवती, आणि दुसरी राक्षसीण आहे. तिचं नाव जरा. मांस आणि रक्त हे तिचं अन्न, असं महाभारतात सरळ लिहिलेलं आहे.

गोष्ट सभापर्वात येते. श्रीकृष्ण ती युधिष्ठिराला सांगतात, कारण राजसूय यज्ञाच्या आड जरासंध येत होता आणि तो कसा जन्मला हे कळल्याशिवाय तो कसा मरेल हेही कळणार नव्हतं.

मगधाचा राजा बृहद्रथ. काशीच्या राजाच्या जुळ्या मुली त्याच्या राण्या. दोघींना सारखंच वागवीन, असा त्यानं शब्द दिलेला. मूल मात्र होत नव्हतं. चंडकौशिक नावाच्या ऋषींनी त्याला एक आंबा दिला. एकच आंबा आणि राण्या दोन. त्यांनी तो अर्धा अर्धा खाल्ला. दोघींना दिवस राहिले, आणि दिवस भरल्यावर दोघींच्या पोटी अर्धं अर्धं मूल आलं. एक डोळा, एक हात, एक पाय, अर्धं पोट, अर्धं तोंड. दोन्ही तुकड्यांत जीव होता.

इथं थोडं थांबू या, कारण सांगताना ही जागा हमखास गाळली जाते. राण्या घाबरल्या, रडल्या, आणि त्यांनी ते तुकडे टाकून द्यायला सांगितले. दायांनी ते गुंडाळले, महालाच्या मागच्या दारानं बाहेर नेले आणि चव्हाट्यावर टाकले. हे करणारी सगळी माणसं होती. राक्षसीण अजून गोष्टीत आलेलीच नाही.

ती येते ती भुकेनं. चव्हाट्यावर पडलेलं मांस तिला दिसतं. दोन तुकडे हातात नीट मावेनात, न्यायला सोपं जावं म्हणून ती ते एकाला एक लावते. आणि मूल सांधलं जातं! तिनं मंत्र म्हटला नव्हता, तिच्या मनात दयाही नव्हती. पण ते मूल एकाएकी एवढं जड झालं की तिला उचलवेना, आणि मूठ तोंडात घालून ते मेघ गडगडावा तसं रडायला लागलं. आवाज ऐकून महालातली माणसं धावत आली. राण्याही आल्या, आणि त्यांना पान्हा फुटलेला होता.

आता ती काय करते? मूल तिच्या हातात आहे, ती उपाशी आहे. व्यासांनी तिच्या मनातला विचार दिलाय. या राजाच्या राज्यात मी राहते, त्याला मूल हवंय, याचं मूल मी घेऊन जाणं बरं नाही. मग ती माणसाचं रूप घेते आणि बाळ राजाच्या हातात देते. आणि त्याला सांगते की मी तुझ्याच घरात राहत होते, माझी पूजा होत होती. जो घराच्या भिंतीवर माझं चित्र काढील, तरुण रूपात, मुलांनी वेढलेलं, त्याच्या घराची भरभराट होईल.

भिंतीवर चित्र, मुलांनी वेढलेलं. हा कागद परत बघा.

राजानं त्या मुलाचं नाव तिच्यावरूनच ठेवलं आणि मगधात तिचा उत्सव सुरू केला. पुढं भीमानं त्याला नेमका त्याच सांध्यावर उभा चिरला, ते तुम्हाला माहीत आहेच.

आपल्या घरी जिवतीच्या पूजेला जो श्लोक म्हणतात तो असा: जरे जीवंतिके देवि बालयुक्ते प्रमोदिनि । रक्षाव्रते महाशक्ते पूर्णकामे नमोऽस्तु ते ॥ पहिली हाक राक्षसिणीला आहे. आणि तिला काय मागायचं, तर मुलं सांभाळ.

मुलांवरून जीव ओवाळून टाकणाऱ्या आयांनी मांस खाणारीच्या हाती मुलं का दिली? माझं म्हणणं असं आहे की आपल्या कथांमधली खरी भीती शिंगांची आणि सुळ्यांची कधीच नव्हती. घराघरांतली भीती एकच होती, की पाळणा रिकामा होईल.

पूतना घ्या. कृष्णाच्या गोष्टीतली ती आपल्याला ठाऊक असते, सुंदर बाईचं रूप घेऊन विषारी दूध पाजायला आलेली. पण सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बाळांना धरणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत, आणि त्यांत पूतना आहे, अंधपूतना आहे, शीतपूतना आहे, रेवती आहे, शकुनी आहे. पूतनेनं धरलेलं बाळ कसं ओळखायचं? अंग गळून जातं, दिवसा झोपतं आणि रात्री झोपत नाही, पातळ शी होते, अंगाला कावळ्यासारखा वास येतो, उलट्या होतात, अंगावर काटा येतो, सारखी तहान लागते. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. हे हगवणीनं सुकत चाललेलं तान्हं बाळ आहे. कुणीतरी त्याच्या उशाशी बसून हे एकेक लक्षण टिपून ठेवलं, आणि या सगळ्यामागे जी कोणी होती तिला नाव दिलं.

हे फार जुनंही नाही. नमुना नोंदणीच्या सरकारी आकड्यांनुसार 1971 साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळं वर्षाची व्हायच्या आत जात होती. 2020 मध्ये हा आकडा 28 वर आला. आपल्या मध्य प्रदेशात मात्र त्या वर्षी तो 43 होता, देशातल्या सगळ्या राज्यांत जास्त. आपल्या आज्या-पणज्यांना झालेली मुलं आणि जगलेली मुलं असे दोन वेगळे आकडे सांगावे लागत. त्यांच्यासाठी जिवतीचा शुक्रवार हा नुसता पुरणपोळीचा दिवस नव्हता.

शुक्रवारची कहाणी आठवते ना? त्यातला एक प्रसंग मला कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. एका ब्राह्मणाच्या घरी मूल जन्मलं की पाचव्या-सहाव्या रात्री जातं, दरवेळी. त्या रात्री एक वाटसरू राजा त्यांच्या दारात निजलाय. मध्यरात्री सटवी येते, न्यायला. दारात माणूस आडवा बघून चिडते, कोण हे मेलं वाटेत पसरलंय म्हणते. आणि तिथं जिवती उभी राहते. म्हणते, माझं नवसाचं बाळ निजलंय, मी त्याला ओलांडू देणार नाही. आत बाळंतीण, उंबऱ्यापाशी हा झोपलेला, आणि काळोखात या दोघींचा वाद चाललाय. पहाट होते, सटवीला जावं लागतं, बाळ वाचतं.

त्या राजाची खरी आई लांब होती, मुलगा कुठं आहे हेही तिला माहीत नव्हतं. ती दर शुक्रवारी चारी दिशांना अक्षता टाकायची, जिवंतिका माये, माझं बाळ जिथं असेल तिथं खुशाल असू दे. आजही मूल जवळ नसेल तर आई असंच करते. इंदूरच्या मराठी घरांत हे हमखास दिसतं, कारण मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर आणखी लांब. पुरणाचे दिवे करायचे, आघाडा-दुर्वांची माळ कागदाला घालायची, जी मुलं घरात आहेत त्यांना पाटावर बसवून ओवाळायचं, आणि जी नाहीत त्यांच्यासाठी अक्षता चारी दिशांना. पोरगा तिशीचा झालेला असला तरी.

मुलं खाणारीलाच मुलांची राखण द्यायची, ही रीत आपल्यापुरती नाही. बौद्ध कथेत हारीती आहे. तिला स्वतःची 500 मुलं, आणि खायची ती दुसऱ्यांची. बुद्धानं तिचं धाकटं लेकरू भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत फिरली. तेव्हा तो म्हणाला, पाचशेतलं एक हरवलं तर तुझी ही गत, ज्यांचं एकच होतं त्यांचं काय? हारीती शरण आली, आणि तिचं पोट भरायची जबाबदारी विहारांनी घेतली. सातव्या शतकात भारतात येऊन गेलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनं लिहून ठेवलंय की विहारांत तिची बाळ घेतलेली मूर्ती असते आणि तिला रोज अन्न वाढतात. अजिंठ्याला गेलात तर 2 नंबरच्या लेण्यात उजव्या बाजूच्या छोट्या गाभाऱ्यात हारीती आणि तिचा नवरा पांचिक बसलेले आहेत. लोक रंगीत छत बघायला मान वर करतात आणि पुढं जातात. थांबा, खालच्या पट्टीकडे बघा, मुलं आहेत आणि छडी घेतलेला पंतोजी आहे.

तिकडे मेसोपोटेमियात बाळं पळवणारी लमाश्तू होती, आणि तिला पळवून लावायला बायका पझुझूचं मुंडकं जवळ बाळगत. तो स्वतः सैतानच, पण लमाश्तूला भारी.

आणि आपला माळवा तर नातं जोडण्यात सगळ्यांच्या पुढं. मंदसोरच्या खानपुऱ्यात रावणाचा मोठा पुतळा आहे. मंदोदरी तिथली, म्हणून रावण जावई! नामदेव समाजाच्या बायका त्याच्यासमोरून जाताना पदर पुढं ओढतात, आणि ताप उतरावा म्हणून लोक त्याच्या पायाला दोरा बांधतात.

आता एक गोष्ट मला मनापासून बोलायची आहे. जरेला भिंत मिळाली, हारीतीला गाभारा मिळाला, रावणाला सासर मिळालं. पूतनेलाही भागवतात सद्गती आहे. तिचं शव जाळलं तेव्हा धुराला अगरूचा वास आला, कारण कृष्ण तिचं दूध प्यायला होता, आणि तिला आईची गती मिळाली असं तिथं म्हटलंय. विष पाजायला आली होती तरीही.

आणि हडळ? बाळंतपणात नाहीतर पोटुशी असताना गेलेली बाई हडळ होते, असं आपल्याकडे सांगतात. पाय उलटे, केस मोकळे. इकडच्या चुडैलीची गोष्टही तीच. त्या बाईनं कुणाचं मूल खाल्लेलं नाही, कुणाला विष पाजलेलं नाही. वेदनांत जीव गेला, बाळ तरी गेलं नाहीतर आईवाचून राहिलं, आणि गावानं तिला झाडावर नेऊन बसवलं. तिच्या नावानं नैवेद्य नाही, श्लोक नाही, नुसतं तिला लांब ठेवायचं. जिला सगळ्यांत आधी घरात घ्यायला हवं होतं तिच्याशीच आपल्या कथा सगळ्यांत कठोर वागल्या, आणि हे मला सहन होत नाही.

म्हणून मुलांना जिवतीच्या कागदाची गोष्ट सांगताना ती पूर्ण सांगा, ही विनंती. चव्हाट्याचा भाग गाळू नका. मुलं घाबरत नाहीत, ती प्रश्न विचारतात. मला एका लहान मुलीनं विचारलं होतं, मग राण्यांना कुणी रागावलं नाही का? महाभारतात याचं उत्तर नाही.

पुढचा भाग हडळीवर करणार आहे. त्यासाठी मला तुमच्या घरातल्या मोठ्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टी हव्या आहेत, इंदूरच्या, देवासच्या, धारच्या, जिथल्या असतील तिथल्या. विशेषतः एखाद्या हडळीनं कुणाचं मूल सांभाळलं, कुणाला वाट दाखवली, अशी गोष्ट कुणी ऐकली असेल तर ती जशी ऐकली तशी, त्याच बोलीत लिहून पाठवा. ज्या बाईची गोष्ट असेल तिचं नाव लिहू नका, गाव लिहा.