गृहकर्जाचा दिलासा आणि घरांचे उतरते भाव

नमस्कार श्रोतेहो.

सरकारी दिलासा म्हटलं की आपल्या मराठवाड्यात आधी आठवते ती शेतकऱ्यांची कर्जमाफी. २०१७ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ची दोन लाखांपर्यंतची. त्यामुळे गृहकर्जदारांना दिलासा मिळणार अशी बातमी आली की अनेकांना वाटतं, आता घराचं कर्जही माफ होणार. तसं होत नाही. गृहकर्जात दिलासा म्हणजे हप्ते काही महिने थांबवणं, मुदत वाढवणं किंवा व्याज कमी करणं. मुद्दल कमी होणं फार क्वचित. यातला कोणता दिलासा मिळतो, यावर कर्जदाराचं घर वाचणार की नाही हे ठरतं, आणि त्याच्या शेजारच्या घरांचा भावही ठरतो.

भाव पडतात कसे, ते आधी पाहू. वाळूजमधल्या कामगाराने ३० लाखांचा फ्लॅट घेतला आणि त्यावर २४ लाखांचं कर्ज काढलं, असं धरा. कंपनीत ओव्हरटाइम बंद झाला, पुढे पाळ्याही कमी झाल्या आणि हप्ते चुकायला लागले. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की बँक ते खातं थकीत, म्हणजे एनपीए, ठरवते. त्यानंतर सरफेसी, म्हणजे तारण ठेवलेलं घर ताब्यात घेऊन विकण्याची मुभा बँकांना देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते, मग ताबा, मग लिलावाची जाहिरात. लिलावाला राखीव किंमत असते, तिच्याखाली बोली घेत नाहीत. पहिल्या फेरीत बोली लागली नाही तर पुढच्या फेरीत ती बहुतेक वेळा खाली आणली जाते. समजा फ्लॅट २२ लाखांना गेला. तो आकडा नोंदणी कार्यालयातल्या इंडेक्स-२ वर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या नोंदीच्या उताऱ्यावर, चढतो. महिनाभराने त्याच इमारतीत दुसऱ्या कुणाला फ्लॅट विकायचा असेल, तर घेणाऱ्याच्या बँकेचा मूल्यांकक तोच कागद समोर ठेवतो. मूल्यांकन उतरलं की मंजूर होणारं कर्ज उतरतं. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते. म्हणजे मूल्यांकन ३ लाखांनी घटलं तर कर्ज २ लाख ७० हजारांनी घटतं. घेणाऱ्याकडे तेवढी रोख नसते, मग विकणारा भाव उतरवतो. ज्याचा एकही हप्ता चुकलेला नाही, त्याच्याही घराची किंमत अशी खाली येते.

दिलाशाचं खरं काम इथे आहे. सरकार भाव वर नेऊ शकत नाही, पण नाइलाजाने विकायला निघणाऱ्या घरांची संख्या कमी करू शकतं. माझ्या मते कोणतीही योजना याच एका कसोटीवर तपासावी.

आता हप्ते थांबवण्याचा हिशेब घेऊ. वीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत. हप्ता येतो सुमारे १७,३५६ रुपये. अगदी सुरुवातीलाच सहा हप्ते थांबवले तर हातात राहतात १ लाख ४ हजार रुपये. पण व्याज थांबत नाही. ते मुद्दलात मिळवलं जातं आणि कर्ज २० लाख ८६ हजारांवर जातं. हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी २७० हप्ते भरावे लागतात. आज वाचवलेल्या लाखभरापोटी पुढे सव्वापाच लाख जास्त जातात.

२०२० साली हेच झालं. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांची सवलत दिली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. पुढे केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचं व्याज परत दिलं, त्याची चर्चा खूप झाली. आपल्या वीस लाखांच्या उदाहरणात ती रक्कम दीड हजारांच्या आसपास भरते. साधं व्याज ८५ हजार होतं, ते कर्जदाराच्याच डोक्यावर राहिलं. तरीही ती सवलत वाया गेली असं मी म्हणणार नाही. टाळेबंदीत कमाई एकदम बंद झाली होती आणि काही महिन्यांत परत सुरू होण्याची आशा होती. अशा वेळी हप्ते थांबवणं योग्यच. कमाई कायमची घटली असेल तर मात्र लिलाव फक्त लांबतो, आणि तोवर कर्ज फुगलेलं असतं.

मुदत वाढवली तर? वीसची पंचवीस वर्षं केली की हप्ता साधारण १६,१०५ होतो. महिन्याला जेमतेम साडेबाराशे वाचतात आणि एकूण व्याज साडेसहा लाखांहून अधिक वाढतं. तेच व्याज साडेआठवरून साडेसहा टक्क्यांवर आणलं, तर त्याच वीस वर्षांत हप्ता १४,९११ वर येतो, म्हणजे महिन्याला जवळपास २,४५० रुपये कमी. घसरत्या बाजारात सरकारने पैसा घालायचाच असेल तर तो इथे घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेचा अनुभव यासाठी पाहण्यासारखा आहे. तिथे २००६ नंतर घरांचे भाव कोसळले आणि फेब्रुवारी २००९मध्ये ओबामा सरकारने कर्जांची फेररचना करायची मोठी योजना जाहीर केली. हप्ता कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३१ टक्क्यांवर आणायचा होता. त्यासाठी आधी व्याज दोन टक्क्यांपर्यंत उतरवायचं, तेवढ्याने भागलं नाही तर मुदत चाळीस वर्षांपर्यंत न्यायची, तरीही नाही भागलं तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी बाजूला ठेवायचा. आखणी चांगली होती. उद्दिष्ट ३० ते ४० लाख कुटुंबांचं होतं, कायमची फेररचना मिळाली ती त्याच्या निम्म्याच्या आसपास कुटुंबांना. गाडं अडलं कागदांवर. नवा हप्ता तीन महिने भरून दाखवण्याची चाचणी ठेवली होती, ती अनेकांची कितीतरी महिने लांबली. पगाराचे पुरावे पुन्हा पुन्हा मागितले गेले, पाठवलेले कागद हरवले, आणि चाचणीचे हप्ते नियमित भरूनही काहींना शेवटी नकार मिळाला. पुढे अभ्यासकांनी तपासलं तेव्हा दिसलं की ज्यांचा महिन्याचा हप्ता ठळकपणे उतरला ती घरं टिकली. मुद्दल कमी करून हप्ता तेवढाच ठेवला, तिथे फारसा फरक पडला नाही.

तिथली आणि इथली एक गोष्ट मात्र वेगळी आहे. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत, राहत्या घराच्या खरेदीसाठी काढलेल्या कर्जात घर बँकेला सोडून दिलं की उरलेलं देणं सहसा मागे लागत नाही. आपल्याकडे लिलावात कमी पडलेली रक्कम बँक कर्जदाराकडून आणि जामीनदाराकडूनही वसूल करू शकते. म्हणून इथला माणूस हप्ता सोडण्याआधी सोनं मोडतो, गावाकडचं वावर विकतो.

खरेदीदारांना दिलेली सवलत हा निराळा विषय आहे. अमेरिकेत पहिलं घर घेणाऱ्याला ८,००० डॉलरपर्यंत करसवलत होती. तिची मुदत संपल्यावर जुलै २०१०मध्ये जुन्या घरांची विक्री एका महिन्यात सुमारे २७ टक्क्यांनी खाली आली. आपल्या राज्याने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढे मार्चअखेरपर्यंत दोन टक्क्यांनी कमी केलं, तेव्हाही मुदतीच्या तोंडावर नोंदणीला रांगा लागल्या. पुढच्या वर्षी घर घेणारा याच वर्षी घेतो, त्यामुळे पडून असलेले फ्लॅट खपतात. थकलेल्या कर्जदाराला त्याचा थेट उपयोग नाही. सध्याच्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेतली व्याज सवलतही अशीच, नव्याने घर घेणाऱ्यांसाठी आहे. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर चार टक्के सवलत, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये, तेही पाच वार्षिक हप्त्यांत.

आता आपल्या भागातली खरी अडचण. छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाईत, नांदेड-लातूरच्या वाढीव वस्त्यांत कितीतरी घरं गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या, प्लॉटवर उभी आहेत. नियमित न झालेल्या गुंठेवारीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून लोक पतसंस्थेकडे जातात, नाहीतर सावकाराकडे. २०२०ची हप्ते-सवलत बँका, सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्यांच्या कर्जांना होती. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनात येत नाहीत, त्यामुळे त्यांचे कर्जदार बाहेर राहिले. पुढची कोणतीही योजना बँकांपुरतीच आखली तर हेच होईल, आणि अशा वस्त्यांत नाइलाजाने होणारी विक्री चालूच राहील. गुंठेवारी नियमित करण्याच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं त्यात घेतली आहेत. ज्यांचं प्रकरण अर्धवट आहे त्यांनी ते पूर्ण करावं. कागद नियमित झाला की कमी व्याजाच्या बँक कर्जाकडे वळण्याचा रस्ता मोकळा होतो.

हप्ता जड जात असेल तर तिसरा हप्ता चुकायच्या आत शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत पगारपत्रकं, सहा महिन्यांचा खातेउतारा आणि काम कमी झाल्याचं कंपनीचं पत्र जोडा. अर्ज मंजूर होईपर्यंत खात्यातून हप्ता कापला जाणारच, तेव्हा शिल्लक ठेवा, नाहीतर परत गेलेल्या हप्त्याचा दंड वर पडतो. फेररचनेवर सही करण्याआधी हप्त्यांचा नवा तक्ता मागा. त्यात तीन आकडे बघा: मुद्दल किती झालं, शेवटचा हप्ता कोणत्या साली, आणि एकूण व्याज किती. फेररचनेची नोंद सिबिलला, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेला, जाते, हेही लक्षात असू द्या.

सरफेसीची नोटीस आलीच तर ती पेटीत ठेवून देऊ नका. साठ दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. बँकेने ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं, ते छत्रपती संभाजीनगरातच आहे. पूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच असतो, ती तारीख चुकवू नका. बँकेविरुद्धच्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. विनापरवाना सावकाराने घर किंवा प्लॉट लिहून घेतला असेल तर २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली अर्जही तिथेच द्यायचा, आणि अर्जासोबत खरेदीखताची प्रत व पैसे घेतल्या-दिल्याचा जो काही कागद असेल तो जोडायचा.

नमस्कार.