यस म्हणायचं की नो?

नमस्कार मंडळी, काय, जेवलासा काय? आपल्याकडं आधी हे विचारायचं, बाकीचं मग. आज जरा इंग्लिश प्रश्नांबद्दल बोलूया, कारण आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली पोरं मराठी, कानडी, हिंदी एका दमात बोलतात आणि इंग्लिशमध्ये कुणी साधा प्रश्न विचारला की गप्प. आपल्याला सवयच नाही ना. मराठीत शेवटी का नाहीतर काय लावलं की झाला प्रश्न, कानडीत शेवटचा आ ओढला, ऊटा आयता म्हणजे जेवण झालं का, झाला प्रश्न. इंग्लिशमध्ये सुरुवातीलाच उलटापालट. यू आर कमिंगचं आर यू कमिंग. यू लाइक टीमध्ये तर उलटायला काही नाहीच, मग डू आणून पुढं उभा करायचा, डू यू लाइक टी. आणि पुढं डिड आला की मागं वेंट नाही, गो. डिड यू गो. परत सांगतो, डिड यू गो.

पण विचारणं एक वेळ जमतं हो, खरी गंमत उत्तरात. आमच्या मामांचं सांगतो, घरी मी हे सुरू केलं की बायको उठून आत जाते, तुम्ही तरी ऐका.

मामा खानापूरकडचे, मलप्रभेच्या काठाला ऊस. लोंढा जंक्शनला गाडीची वाट बघत बसलेले, मांडीवर कुंद्याचा बॉक्स. कुंदा फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही, दगड होतो त्याचा, पण ते असो. लोंढ्याला गोवा-हंपी करणारे फॉरेनर दिसतातच, तशी एक बाई भली मोठी सॅक घेऊन आली आणि म्हणाली, डू यू माइंड इफ आय सिट हिअर? मामांना सिट हिअर तेवढं कळलं. मोठ्या मनानं म्हणाले, यस यस! बाई सॉरी म्हणून मागं सरकली. मामांना वाटलं लाजली बिचारी, त्यांनी टॉवेलनं बाकडं पुसलं, थोडं सरकले आणि अजून मोठ्यानं, यस! यस! बाई अजून दोन पावलं मागं. शेवटी चहावाल्या पोरानं हातानंच बसा बसा केलं तेव्हा बसली.

आता डू यू माइंड म्हणजे तुमची हरकत आहे का, मग यस म्हटलं की हरकत आहे, बसू नका. नो म्हटलं की बसा. लक्षात ठेवा, नो म्हणजे बसा.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. थोड्या वेळानं बाईनं विचारलं, हॅजन्ट द होस्पेट ट्रेन कम येट? म्हणजे अजून आली नाही का गाडी. मामांनी मान डोलवली, यस! बाई उठली, सॅक उचलली आणि पळाली थेट स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात, गाडी गेली म्हणून. तिथं कळलं गाडी लेट आहे, अजून यायचीच आहे. परत आली आणि मामांकडं अशी बघायला लागली की काय सांगू. मामा आजपण तावातावानं म्हणतात, ती म्हणाली आली नाही ना, मी म्हटलं हो, आली नाही, ह्यात माझं काय चुकलं?

आपल्या हिशोबानं काहीच नाही! कानडीतपण हौदु, बंदिल्ल असंच म्हणणार. आपण समोरच्याच्या बोलण्याला हो म्हणतो, इंग्लिश फक्त गाडीकडं बघतं. आली, तर यस. नाही आली, तर नो. प्रश्न सरळ असू दे नाहीतर नकारी, नाही आली तर नोच.

ते महिन्यात फाडफाड इंग्लिश शिकवणारे क्लास टेन्सचे तक्ते पाठ करून घेतात आणि हे एवढं सांगत नाहीत, फी मात्र आधी.

वेळ संपत आला, भरभर सांगतो. व्हॉट डू यू डू म्हणजे काम काय करता, आत्ता काय चाललंय ते नव्हे, त्याला व्हॉट आर यू डूइंग. हाऊ डू यू डूला तब्येतीचं गाऱ्हाणं सांगू नका, उलट हाऊ डू यू डूच म्हणायचं, आपल्या जेवलासा कायसारखं. आणि यू आर फ्रॉम निपाणी, इजन्ट इट, हे आपलं आवडतं, तिकडं त्याला आरन्ट यू लागतं, पण आपल्या देशात इजन्ट इट सगळ्यांना कळतं, त्यामुळं मी तरी ते कुणाला बदलायला लावत नाही, परीक्षेचा पेपर सोडून.