बराकीतली अडचण नेमकी कोणाची?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सैन्य, समलैंगिक आणि आपला कायदा’. कायद्याकडे मी येणार आहे. पण आधी एका सार्जंटची गोष्ट सांगू द्या. ती ऐकल्याशिवाय कलमांचा अर्थ लागत नाही.

लेनर्ड मॅटलोविच. अमेरिकी हवाई दलातल्या सार्जंटचा मुलगा, जन्मही तळावरचाच. आपल्या साताऱ्यातल्या, सैनिकांचं गाव असलेल्या अपशिंग्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हा गडी व्हिएतनामला स्वतःहून तीनदा गेला. दा नांगला सुरुंगाच्या स्फोटात गंभीर जखमी झाला. ब्राँझ स्टार हे पदक मिळालं, युद्धात जखमी झालेल्यांना देतात ते पर्पल हार्ट मिळालं. परत आल्यावर त्यानं हवाई दलात काम कोणतं पत्करलं? गोऱ्या आणि काळ्या सैनिकांमधली तेढ मिटवण्याचे वर्ग घ्यायचं! हा तपशील लक्षात ठेवा, माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

मार्च १९७५ मध्ये त्यानं वरिष्ठांच्या हातात पत्र ठेवलं : मी समलैंगिक आहे आणि मला नोकरीत राहायचं आहे. कॅप्टननं विचारलं, याचा अर्थ काय? हा म्हणाला, याचा अर्थ ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’. म्हणजे १९५४ चा तो खटला, ज्यात काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. काय हजरजबाबी माणूस! पुन्हा असं वागणार नाही असं लिहून दे, राहू देतो, असंही त्याला सुचवलं गेलं. त्यानं सही केली नाही. त्याच वर्षी त्याची नोकरी गेली. १९८० मध्ये न्यायाधीशांनी परत घ्यायला सांगितलं, तेव्हा हवाई दलानं १ लाख ६० हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. १९८८ मध्ये तो वारला. वॉशिंग्टनला त्याच्या थडग्यावर त्याचं नाव नाही. मजकूर आहे : मी सैन्यात असताना दोन माणसांना मारलं म्हणून मला पदक दिलं, आणि एकावर प्रेम केलं म्हणून काढून टाकलं.

आता ते वर्ग आठवा. अमेरिकेत काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत. १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी समानतेचा आदेश काढला, तेव्हा आक्षेप काय होता? गोऱ्या शिपायांना चालणार नाही, एका बराकीत झोपणार नाहीत, शिस्त बिघडेल. काळ्या सैनिकाला बंदूक चालवता येते की नाही, हा मुख्य मुद्दा नव्हता.

आणि हे आपल्याला नवीन आहे का? मुंबई इलाख्याच्या फौजेत महार सैनिक सुभेदारापर्यंत चढले होते. भीमा कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. तरी १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. काही जातीच जन्मतः लढाऊ असतात, हा इंग्रजांचा ‘लढाऊ जातींचा’ सिद्धांत पुढे केला गेला, आणि त्याच्या जोडीला होतंच की वरच्या जातींचे शिपाई त्यांच्यासोबत राहणार नाहीत. दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांनी, स्वतः निवृत्त हवालदार असलेल्या माणसानं, १८९४ मध्ये सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर मोडली. महार रेजिमेंट व्हायला १९४१ उजाडावं लागलं. ज्याला बाहेर ठेवायचं त्याच्या कामाबद्दल कुणी बोलत नाही, शेजारच्या खाटेवरच्या माणसाची अडचण सांगतात. माझा राग यावर आहे, आणि या खाटेबद्दल मी तासभर बोलू शकतो...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. ठीक आहे, आता भराभर.

ब्रिटननं सैन्यातल्या समलैंगिकांवरची बंदी २००० मध्ये उठवली, तीही युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात हरल्यावर. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इस्रायल त्याआधीच मोकळे झाले होते. अमेरिकेनं १९९३ मध्ये ‘विचारू नका, सांगू नका’ असा तोडगा काढला, म्हणजे समलैंगिक असल्याचं लपवलं तरच सैन्यात राहता येईल, आणि त्याखाली १३ हजारांहून अधिक माणसं घालवली. त्यात अरबी जाणणारे दुभाषे होते, तेही ऐन इराक युद्धाच्या काळात! २०१० मध्ये पेंटॅगॉननं, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं, सैनिकांनाच विचारलं. समलैंगिक सहकाऱ्यासोबत काम केलेल्यांपैकी ९२ टक्के म्हणाले, युनिटचं काम चांगलं चाललं किंवा ठीक चाललं. २० सप्टेंबर २०११ ला तो नियम संपला.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा दंश काढला. चारच महिन्यांनी लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत म्हणाले, हे सैन्यात चालू देणार नाही. त्यांच्या हाताशी १९५० चा लष्कर कायदा होता. त्याच्या ४६ व्या कलमात ‘अनैसर्गिक’ वर्तनाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घटनेचा ३३ वा अनुच्छेद सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करू देतो, हे खरं. पण मर्यादा किती, हे ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, म्हणजे आपण निवडून दिलेल्या खासदारांना.

माझी मागणी लहान आहे. जबरदस्ती, छळ, हुद्द्याचा गैरफायदा यांना कडक शिक्षा हवी, मग समोर पुरुष असो की स्त्री. ‘अनैसर्गिक’ हा शब्द मात्र त्या कलमातून काढा. स्त्री अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी नेमणूक देतानाही ‘जवान त्यांचं ऐकणार नाहीत’ असं सरकारनं न्यायालयात सांगितलं होतं. २०२० मध्ये न्यायालयानं ते मानलं नाही, आणि आज स्त्रिया युनिटचं नेतृत्व करत आहेत.

प्रश्नांना वेळ थोडा आहे. सभागृहात निवृत्त सुभेदार, हवालदार बसले आहेत. त्यांनी आधी बोलावं, विरोधात असेल तरी बोलावं. बराकीत ते राहिलेत, मी नाही.