स्ट्रीट आणि रोड

(पडद्यावर: लंडन, सकाळ. चीपसाइडवरच्या पाट्या.)

ब्रेड स्ट्रीट. थोडं पुढे, पलीकडच्या बाजूला मिल्क स्ट्रीट. इथे कधीकाळी काय विकलं जायचं, हे वेगळं सांगायला नको. हा लंडनचा सगळ्यात जुना भाग, ‘सिटी ऑफ लंडन’. जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा. इथे स्ट्रीट आहेत, लेन आहेत, अ‍ॅली आहेत. पण १९९४ पर्यंत ‘रोड’ म्हणवणारा रस्ता इथे औषधालाही नव्हता. त्या वर्षी हद्दी बदलल्या आणि गॉसवेल रोडचा एक तुकडा आत आला.

गंमत आहे ती या दोन शब्दांच्या वयात.

स्ट्रीट रोमनांचा. लॅटिनमध्ये ‘व्हिया स्ट्राटा’, म्हणजे अंथरलेली वाट. दगड पसरून, थरावर थर देऊन केलेली. आपले ‘स्तर’ आणि ‘विस्तार’ हे शब्दही मुळात याच घराण्यातले.

(पडद्यावर: ओल्या मातीत घोड्याच्या टापा.)

रोडचा जन्म मात्र घोड्याच्या पाठीवरचा. जुन्या इंग्रजीत ‘राड’ म्हणजे घोड्यावरून जाणं, आणि तसं जाऊन केलेला हल्लाही. (आपला ‘राडा’ आठवला असेल, पण तो निव्वळ योगायोग.) या दोन्ही अर्थांना मराठीत एकच शब्द पुरतो: स्वारी. प्राप्तिकरवाल्यांची जी ‘रेड’ पडते, ती या रोडची सख्खी बहीण. स्कॉटलंडच्या उच्चारात वाढलेली. रोड म्हणजे वाट, हा अर्थ रुळला १६व्या शतकाच्या अखेरीस. तोवर सिटीतल्या बहुतेक गल्ल्यांची बारशी उरकलेली होती.

गावात स्ट्रीट, गावाबाहेर रोड, असंही सांगतात. वॉटलिंग स्ट्रीटला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही; हा रोमन रस्ता शेताशिवारांतून मैलोन्‌मैल जातो. तरी आजच्या कानाला फरक जाणवतोच. स्ट्रीट म्हटलं की दुतर्फा घरं-दुकानं डोळ्यांपुढे येतात. रोड कुठेतरी नेतो.

(पडद्यावर: पुणे, कॅम्प. संध्याकाळ.)

पाटीवर महात्मा गांधी रोड. दोन्हीकडे दुकानांची रांग, आणि माणसं नुसतीच रेंगाळताहेत. कुणालाच कुठे पोचायची घाई नाही. रिक्षावाल्याला पाटीवरचं नाव सांगून बघा.

“मेन स्ट्रीट ना? बसा.”