नोट एक, तिजोऱ्या मात्र वेगळ्या

राजेहो, सोयाबीनची सोंगणी तोंडावर असताना तुम्ही एवढे जण ग्रीसच्या कर्जाबद्दल ऐकायला आले, याचंच आधी कौतुक.

तर २००१ मध्ये ग्रीसनं आपलं चलन ड्राक्मा सोडून युरो घेतला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचं सामाईक चलन. आधी त्यांच्या सरकारला जबर व्याज पडायचं, कारण ड्राक्मा घसरेल ही देणाऱ्याला धास्ती. युरो आला अन् जर्मनीला मिळते जवळपास त्याच व्याजानं यांनाही पैसा मिळायला लागला. मंग काय, घेतला ना भाऊ! २००९ च्या ऑक्टोबरात नवीन सरकारनं खातं उघडलं तर तूट सांगितल्याच्या कितीतरी वर, शेवटी हिशेब लागला तो जीडीपीच्या १५ टक्क्यांवर, अन् युरोवाल्या देशांसाठी नियम होता ३ टक्क्यांचा.

पण हे सगळं उधळपट्टीनंच झालं म्हणणाऱ्याला मी स्पेन दाखवतो. २००७ मध्ये स्पेनच्या सरकारवर जर्मनीपेक्षा कमी कर्ज होतं, तरी पुढं तोही अडकला! तिथं घोळ व्याजदराचा. फ्रँकफर्टची युरोपीय मध्यवर्ती बँक युरोवाल्या सगळ्यांसाठी एकच दर ठरवते, जर्मनी मंदावला होता म्हणून २००३ ते २००५ दर २ टक्के, अन् स्पेनमध्ये घरांचे भाव आधीच पेटलेले, त्यात हे स्वस्त पैशाचं रॉकेल.

कर्ज अंगावर आलं की स्वतःचं चलन असलेला देश ते घसरू देते, माल स्वस्त होते, बाहेर विकल्या जाते. ग्रीसजवळ ती सोयच नाही, म्हणून पगार कापा, पेन्शन कापा. २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली. २०१५ ला तर बँकाच बंद, एटीएममधून दिवसाला ६० युरो, त्यातही विसाच्या नोटा संपल्या म्हणून कित्येक मशिनींतून पन्नासच निघत, अन् कार्ड नसलेले म्हातारे पेन्शनवाले बँकेच्या दारात रांगा लावून १२० युरोसाठी उभे.

तुम्ही म्हणाल, यवतमाळचा अन् मुंबईचा रुपयाही एकच, रिझर्व्ह बँकेचा व्याजदर, म्हणजे रेपो रेटही एकच, मंग आपलं असं काहून होत नाही? कारण मुंबईचा इन्कम टॅक्स दिल्लीत जाते अन् तिथून रोजगार हमीची मजुरी, रेशनचं धान्य, सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, कापूस खरेदी असं काही ना काही इकडं येते, त्यासाठी यवतमाळला मुंबईकडून कर्ज काढावं लागत नाही. युरोपचं सामाईक बजेट आहे, पण सगळ्यांच्या उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास. म्हणून ग्रीसला मिळालं ते कर्जच, २०१० मध्ये ११० अब्ज युरो, अटी लावून, अन् त्यातला मोठा वाटा जुनं देणं फेडण्यातच गेला.

आपली तिजोरी लय मायाळू आहे असं मात्र समजू नका. २००८ ची कर्जमाफी आठवते ना? २ हेक्टर, म्हणजे साधारण पाच एकरपर्यंत पूर्ण माफ, त्याच्यावर असला तर आधी ७५ टक्के भरा, मंग २५ टक्के सूट. ओलिताची चार एकर उसाची असलेला त्यात बसला, अन् आपला सात एकर कोरडवाहू पऱ्हाटीवाला, ज्याच्या घरात भरायला पैसाच नव्हता, तो बाहेर राहिला.