मोटारींच्या मागच्या भिंतीत प्राणवायू

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या रुग्णालयाला नवी इमारत जोडायचे ठरले की बैठकीत पहिला प्रश्न येतो, खाटा किती वाढणार. वीस वर्षांनी तीच इमारत कशी बदलता येईल, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

इस्रायलमधील हैफा बंदराजवळ रामबाम नावाचे मोठे रुग्णालय आहे. 2006 च्या लेबनॉन युद्धात हैफावर रॉकेटे पडू लागली आणि तेथील रुग्णांना तळघरांत हलवावे लागले. पुढे विस्तार करताना त्यांनी जमिनीखाली तीन मजली वाहनतळ बांधला. आता खरी गंमत ऐका. एरवी तेथे सुमारे 1,500 मोटारी उभ्या असतात. परंतु त्या मोटारींच्या मागच्या भिंतींत प्राणवायूच्या व सक्शनच्या (रुग्णाच्या शरीरातील स्राव ओढून काढणाऱ्या) नळ्या आणि विजेच्या जोडण्या आधीच बसवलेल्या आहेत. मोटारी बाहेर काढायच्या, फरशी धुऊन घ्यायची आणि ओळीने खाटा मांडायच्या. 72 तासांत 2,000 खाटांचे रुग्णालय उभे राहील, असा त्याचा आराखडा आहे. 2014 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बांधले होते युद्धासाठी, पण 2020 मध्ये तेथे खाटा लागल्या त्या करोनाच्या रुग्णांसाठी! 2024 मध्ये रॉकेटांचे संकट पुन्हा आले, तेव्हा रुग्ण परत खाली नेण्यात आले.

आपल्याकडे दर्शनी दालनातील ग्रॅनाइट आणि देणगीदारांच्या नावांची पाटी यांवर जेवढा खल होतो, तेवढा भिंतीतल्या नळ्यांवर झाला तर किती बरे होईल, असे मला नेहमी वाटते.

तर श्रोतेहो, नुसती जागा मोकळी सोडून भागत नाही, नळ्या आधी टाकाव्या लागतात. पुन्हा सांगतो, नळ्या आधी. कॅनडातील हॅमिल्टन येथे 1972 मध्ये सुरू झालेल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या रुग्णालयात दोन मजल्यांच्या मध्ये नळ्या-तारांसाठी वेगळा मजलाच ठेवला आहे, त्यामुळे खालचा वॉर्ड बंद न करता वर दुरुस्ती करता येते. क्ष-किरण विभागासारख्या हमखास वाढणाऱ्या विभागाशेजारी शस्त्रक्रियागृह न ठेवता कचेरी किंवा कागदपत्रांची खोली ठेवावी, म्हणजे वेळ आल्यावर ती सहज उठवता येते. एमआरआयचे अवजड यंत्र आज ना उद्या बदलावे लागतेच. म्हणून त्या खोलीची एक बाहेरची भिंत उघडता येईल अशीच बांधावी, आणि ती नेमकी कोणती, हे नकाशावर लिहून ठेवावे.